साताऱ्यात जखमी मांजर सापडलं तर काय करायचं

रस्त्यावरचं मांजर सहसा कुणाच्या हाताला लागत नाही. त्यामुळं पोवई नाक्यावर नाहीतर राजवाड्यामागच्या बोळात एखादं मांजर पडून आहे आणि तुम्ही अगदी जवळ गेलात तरी हलत नाहीये, तर ते माणसाळलेलं आहे असं समजू नका, त्याच्यात पळायची ताकदच उरलेली नाहीये. मांजर दुखणं शेवटपर्यंत लपवतं, म्हणून "बघू उद्या सकाळी" हे डोक्यातनं काढूनच टाका.

उचलताना मागनं जाड टॉवेल किंवा जुनी चादर टाका, डोकं पण झाकलं गेलं पाहिजे, अंधार झाला की ते जरा शांत होतं, मग चादरीसकट उचलून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि झाकण सुतळीनं बांधा. गाडीचा धक्का बसलेला असेल तर मान धरून उचलायचं नाही, कडक पुठ्ठ्यावर हळूच सरकवून घ्यायचं, पाठीचा कणा मोडलेला असू शकतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड सलग पाच मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. आणि तोंडात पाणी, दूध काही ओतू नका प्लीज, अर्धवट शुद्धीतल्या जिवाच्या ते थेट फुफ्फुसात जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडं प्रेमापोटीच मांजरं मरतात, कारण घरातलं औषध दिलं जातं. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, त्याच्या लिव्हरला ती पचवताच येत नाही आणि रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या की गुरांना ओततात तसं टर्पेंटाइन ओततात, कुणी फिनेल, कुणी डेटॉल, हे सगळं मांजराला विषच आहे आणि ते अंग चाटतं म्हणजे पोटात पण जातं. कुत्र्याचं गोचिडाचं औषध तर अजिबात लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. जखम धुवायला सलाइनचं पाणी नाहीतर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं बीटाडीन, बास. अळ्या डॉक्टरच काढतील.

तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, झटके, आणि बोका परत परत लघवीला बसतोय पण थेंब येत नाहीये, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला निघा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जातो, लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय.

निघायच्या आधी फोन करून "मांजर बघता का, एक्सरे होतो का" एवढं विचाराच, आपल्या भागात बरेच डॉक्टर गाई-म्हशींचे आहेत. पशुसंवर्धन खात्याची १९६२ ही हेल्पलाइन मुख्यतः जनावरांसाठी आहे, पण जवळचा सरकारी दवाखाना कुठला हे तिथं विचारता येतं. मोठी केस असेल तर खंबाटकी घाट ओलांडून शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी फोन करून वेळ विचारा. खर्चाचा अंदाज सुरुवातीलाच विचारायला लाजू नका, मित्रांकडनं गोळा करायचे असतील तर आकडा लागतोच.

पिल्लू सापडलं तर आधी लांब थांबून आई येते का बघा, पण ते गार पडलेलं किंवा जखमी असेल तर वाट बघू नका. आधी ऊब, मग दूध, हा क्रम मोडायचा नाही, गार पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. गाईच्या दुधानं जुलाब लागतात, मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते ती आणा, आणि पाजताना पालथंच ठेवा, बाळासारखं उताणं नाही.

चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रेबीजची लस सुरू करा. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरनं काहीच दिसत नाही आणि आत पू होतो.

घरात आधीचं मांजर असेल तर आणलेलं निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, भांडी वेगळी, हात धुऊनच इकडचं तिकडं. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार कपड्यांवरनं पण जातो आणि साध्या फिनेलनं मरत नाही, फरशीला पातळ केलेलं ब्लीच लागतं, तेही मांजर बाहेर काढून, आणि नंतर साध्या पाण्यानं पुसून, वाळल्यावरच मांजराला परत आत सोडा. बरं झालं की नसबंदी करून घ्या आणि जिथनं उचललं तिथंच सोडा, दुसऱ्या गल्लीत सोडलं तर तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत.