कॉलेजच्या चिअर टीमची ट्रायआउट कशी द्यावी

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत चिअर टीमची (सामन्यात घोषणा आणि कसरतींनी संघाला प्रोत्साहन देणाऱ्या चमूची) निवड बास्केटबॉलचा हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यात होते. टीम एका वर्षापुरती असते, त्यामुळे जुन्या सभासदांनाही दरवर्षी नव्याने ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, द्यावी लागते. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. कोच गुणांच्या यादीतले वरचे वीस जण सरळ उचलत नाही, तो रिकाम्या जागा भरत असतो. यंदा चार बेस (खालून उचलणारे) पदवी घेऊन बाहेर पडले असतील आणि फ्लायर (वर उचलल्या जाणाऱ्या) सगळ्या टिकून असतील, तर उत्तम फ्लायरलाही घरी जावं लागतं आणि बऱ्यापैकी बेसला युनिफॉर्म मिळतो. म्हणून तयारी सुरू करण्याआधी टीमचं रोस्टर (सभासदांची यादी) बघा. शेवटच्या वर्षाला कोण आहे, ते स्टंटमध्ये (एकीला वर उचलण्याच्या कसरतीत) कोणत्या जागेवर असतात आणि त्यातले किती जण जाणार, हे मोजा. मग कोचला थेट ईमेल करून विचारा की या वर्षी कोणत्या जागा लागणार आहेत. त्यात आगाऊपणा काही नाही, उलट कोचना असे ईमेल आवडतात.

कोणत्या टीमची ट्रायआउट, ते आधी ठरवा

एकाच विद्यापीठात दोन-तीन टीम असू शकतात. को-एड टीममध्ये मुलं-मुली एकत्र असतात आणि एका बेसने एका फ्लायरला उचलायचे पार्टनर स्टंट जास्त होतात. ऑल-गर्ल टीममध्ये दोन बेस, एक बॅकस्पॉट (मागून आधार देणारी) आणि एक फ्लायर असा चौघींचा ग्रुप असतो. काही ठिकाणी सामन्यांची टीम वेगळी आणि स्पर्धेची वेगळी असते. यूसीए आणि एनसीए या चिअरलीडिंगच्या दोन मोठ्या संस्था. यूसीएची राष्ट्रीय स्पर्धा जानेवारीत ऑर्लँडोला होते, एनसीएची एप्रिलमध्ये डेटोना बीचला. डेटोनाला जाणाऱ्या टीमची ट्रायआउट साहजिकच त्यानंतर ढकलली जाते.

'स्टंट' नावाचा एक स्वतंत्र खेळही आहे. त्यात दोन टीम चार क्वार्टरमध्ये समोरासमोर तेच ते कौशल्य करून दाखवतात आणि बाजूला उभं राहून घोषणा देण्याचा भाग नसतो. त्याची निवड वेगळी होते. अर्ज भरताना घोळ होतो तो इथेच.

मुलांसाठी एक सूचना. अनुभव नाही म्हणून मागे राहू नका. चिअरलीडिंगची सुरुवातच १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभं राहून घोषणा दिल्या तेव्हा झाली, आणि त्यानंतर बरीच वर्षं हे काम मुलांचंच होतं. आज को-एड टीमना मजबूत मुलं नेहमीच कमी पडतात. कुस्ती किंवा वेटलिफ्टिंग केलेला, शिकायची तयारी असलेला मुलगा अनेक कोच शून्यापासून घडवतात.

कागदपत्रं

चिअरलीडिंग हा एनसीएएच्या (कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या) खेळांत मोडत नाही. त्यामुळे पात्रतेचे नियम विद्यापीठ स्वतः ठरवतं आणि ते जागोजागी बदलतात. साधारणपणे प्रवेशाचा पुरावा, गुणपत्रक (किमान जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, बऱ्याच ठिकाणी २.० असतो, काही ठिकाणी जास्त), आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत, जबाबदारीचं पत्र (दुखापतीची जोखीम स्वतःची असल्याचं) आणि डॉक्टरांच्या सहीचा शारीरिक तपासणीचा फॉर्म मागतात. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची सही. पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्ण वेळ, म्हणजे सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट, ही अटही नेहमीची. अनेक विद्यापीठं सिकल सेलची रक्ततपासणी मागतात आणि तिचा अहवाल त्याच दिवशी हातात पडत नाही. महिनाभर आधी डॉक्टरांची वेळ घ्या. फॉर्म अपुरा असेल तर मॅटवर पाय ठेवू देत नाहीत, मग तुमचं टम्बलिंग (कोलांट्यांच्या कसरती) कितीही सुंदर असो.

टम्बलिंग: स्प्रिंगवर जमणारं कडक मॅटवर जमेलच असं नाही

जिमखान्यातल्या स्प्रिंग फ्लोअरखाली स्प्रिंगा असतात. कॉलेजची ट्रायआउट मात्र अनेकदा साध्या फोमच्या मॅटवर होते. साधारण १⅜ इंच जाडीचा फोम आणि त्यावर चिकटवलेला गालिचा, खाली थेट जमीन. पुढे सामन्याला तर गवतावर किंवा लाकडी कोर्टवर टम्बलिंग करायचं असतं. स्प्रिंगवर सहज उभं राहणारं टक (गुडघे छातीशी घेऊन हवेत मारलेली मागची कोलांटी) अशा मॅटवर गुडघे वाकून, छाती खाली जाऊन बसतं. स्प्रिंग जी उंची फुकट देत होती ती इथे पायांना कमवावी लागते, एवढंच त्यामागचं कारण.

म्हणून किमान ८ आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा कडक मॅटवर सराव ठेवा. आवर्तनं कमी ठेवा, दर वेळी १० ते १५ पुरे. कडक पृष्ठभागावर मनगटं आणि नडगी लवकर दुखावतात आणि ते दुखणं नेमकं ट्रायआउटच्या आठवड्यात डोकं वर काढतं. टकमध्ये सगळ्यात जास्त मार खातो तो सेट, म्हणजे सरळ वर उडी घेण्याचा पहिला भाग. हात कानाशी सरळ वर, छाती उचललेली, नजर समोर. उडी पूर्ण वर गेल्यावरच गुडघे छातीकडे ओढायचे. घाबरून डोकं आधी मागे टाकलं की उंची तिथेच संपते आणि शरीर मागे सरकत उतरतं. बाजूने व्हिडिओ काढा. जिथून उडी मारली त्याच्या फार मागे उतरत असाल तर दोष सेटमध्ये आहे.

किती लागतं? मध्यम दर्जाच्या टीमला जागेवरचं बॅक हँडस्प्रिंग (हात टेकवून मागे घेतलेली उलटी उडी) आणि धावून राउंड-ऑफ (हातांवरून वळून दोन्ही पायांवर उतरणं), हँडस्प्रिंग, टक एवढं बऱ्याचदा चालतं. वरच्या फळीतल्या टीमना जागेवरचं टक आणि धावून लेआउट (शरीर सरळ ठेवून मारलेली कोलांटी) किंवा फुल (त्यातच एक पूर्ण गिरकी) अपेक्षित असतं. नेमकी यादी टीमच्या पानावर दिलेली असते. त्यात 'आवश्यक' आणि 'प्राधान्य' असे दोन भाग असतील तर आवश्यकपैकी एकही सुटू देऊ नका. आणि दहापैकी नऊदा जे नीट जमतं तेच दाखवा. हात टेकलेल्या फुलपेक्षा पाय न हलवता उतरलेलं लेआउट जास्त गुण मिळवतं. शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन काहीही शिकायला घेऊ नये.

जंप आणि मोशन

टो टच (हवेत पाय दोन्ही बाजूंना फाकवायची उडी) हे नाव फसवं आहे. पायांच्या बोटांना हात लावायला खाली वाकलात की छाती पडते, पाठ गोल होते आणि पाय आहेत त्याहून खालचे दिसतात. हात खांद्यांच्या रेषेत आडवे ठेवा, कंबर किंचित मागे फिरवा आणि पाय हातांकडे वर आणा. गुडघे आभाळाकडे, चवडे ताणलेले. उतरताना दोन्ही पाय जुळलेले हवेत. पाय फाकवून उतरणं ही जजच्या कागदावरची सगळ्यात सोपी वजाबाकी आहे. उंची लवचिकतेइतकीच मांडीच्या पुढच्या स्नायूंवर अवलंबून असते. जमिनीवर पाय फाकवून बसा, हात पुढे टेकवा आणि सरळ पाय उचला. १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दीड महिन्यात फरक दिसतो.

मोशनमध्ये, म्हणजे हातांच्या ठरावीक हालचालींत, मनगट हा कळीचा भाग. मूठ घट्ट, अंगठा बाहेर, मनगट दंडाच्या सरळ रेषेत. हात खांद्याच्या जरा पुढे ठेवा, म्हणजे समोर बघताना डोळ्यांच्या कडेला दोन्ही मुठी दिसतात. मागे गेलेले हात समोरून तिरके दिसतात. मधली सगळी हालचाल झटकन संपवून जागेवर थांबायचं. हात तरंगत गेला की पाठांतर कच्चं वाटतं.

स्टंट

इथे जजपेक्षा कोचचं लक्ष जास्त असतं. को-एडचा पायाभूत स्टंट म्हणजे टॉस हँड्स. फ्लायर बेसकडे पाठ करून उभी राहते, बेसचे हात तिच्या कमरेवर, तिने बेसची मनगटं धरलेली. मोजणीवर दोघं एकदम थोडं खाली बसतात, टाचा जमिनीवरच. मग ती सरळ वर उडी मारते आणि पोहण्याच्या तलावाच्या काठावर हात रोवून वर यावं तशी बेसच्या मनगटांवर जोर देऊन स्वतःला ढकलते. बेस तिला स्वतःच्या चेहऱ्यासमोरून सरळ वर सोडतो आणि तिचे पाय खांद्यांच्या उंचीवर पकडतो.

हे का फसतं? एक, फ्लायर मागे किंवा पुढे उडी मारते, मग बेसला तिच्यामागे धावावं लागतं. दोन, बेस फक्त हातांनी फेकतो. जोर मांड्यांतून यायला हवा, हात शेवटी येतात. तीन, दोघांचं खाली बसणं एका क्षणाला होत नाही. त्यावर उपाय म्हणजे नुसतं बसणं-उठणं मोजणीवर १० वेळा, पाय न उचलता. चार, वर गेल्यावर फ्लायर खाली बघते. नजर खाली गेली की खांदे आणि कंबर मागोमाग जातात.

फ्लायरने वर कसरत करायची नसते, घट्ट राहायचं असतं. गुडघे ताठ, मांड्या एकमेकींकडे ओढलेल्या, पोट आवळलेलं. ढिली फ्लायर तिच्या वजनापेक्षा जड वाटते, हे कुठलाही बेस सांगेल. म्हणूनच ट्रायआउटआधी उपाशी राहणं किंवा पाणी तोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. दोन पौंड कमी होतात आणि पाय थरथरायला लागतात.

अनोळखी जोडीदार मिळणार हे गृहीत धरा. पहिल्या प्रयत्नाआधी तीन गोष्टी बोलून घ्या: मोजणी काय, पकड कशी, उतरायचं कसं. स्पॉटर (पडल्यास सावरायला बाजूला उभा राहणारा) नसेल तर मागा. पडणाऱ्या फ्लायरकडे पाठ फिरवणारा बेस यादीतून तिथल्या तिथे जातो. स्टंट कोसळला तरी तिला झेलून जमिनीवर सुखरूप उतरवणारा मात्र लक्षात राहतो. सुरक्षिततेचे नियम कडक आहेत. बास्केटबॉलच्या कोर्टवर मॅटशिवाय बास्केट टॉस (बेसनी हात गुंफून फ्लायरला उंच फेकणं) २००६ पासून बंद आहे. असे नियम माहीत असलेला उमेदवार कोचला बरा वाटतो.

त्या दोन-तीन दिवसांत काय होतं

पहिल्या दिवशी क्लिनिक, म्हणजे शिकवणीचं सत्र. फाइट साँगच्या (कॉलेजच्या संघगीताच्या) हालचाली, एक चिअर, एक-दोन छोट्या घोषणा आणि कधी छोटा डान्स शिकवतात. फाइट साँगचे व्हिडिओ इंटरनेटवर सापडतात, ते आधीच पाठ करून जा. व्हिडिओत टीम तुमच्याकडे तोंड करून असते, म्हणून डावं-उजवं उलटं करून शिकायला विसरू नका. आवाज पोटातून आणि जाड काढा. किंचाळी स्टेडियमच्या तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. पाटी धरायची असेल तर ती प्रेक्षकांकडे सपाट, न डुलता, आणि ज्या शब्दावर ओरडायचं त्याच शब्दावर वर.

दुसऱ्या दिवशी नंबर लावून तिघा-चौघांच्या गटात परीक्षण. विसरलात तर चेहरा पाडू नका, पुढच्या आठच्या मोजणीला पुन्हा मिसळा. मधल्या वेळात कडेला उभं असतानाही बघणारे बघत असतात. दुसऱ्यांना टाळ्या वाजवणं फुकट आहे आणि ते मोजलं जातं.

कपडे सांगितलेल्या रंगाचेच. अंगाला घट्ट टॉप, काळी शॉर्ट्स, वापरून मऊ झालेले चिअर शूज. कोरे शूज त्या दिवशी घालू नका. केस पूर्ण बांधलेले, दागिने शून्य, नखं बोटांच्या टोकाबाहेर नकोत. अनेक ठिकाणी २५ ते १०० डॉलर शुल्क घेतात.

व्हिडिओ आणि मुलाखत

लांबच्या उमेदवारांना व्हिडिओ पाठवता येतो. फोन आडवा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं चौकटीत, एका कौशल्याला एक सलग तुकडा. संगीत, स्लो मोशन, मध्येच कापलेलं उतरणं, यातलं काहीही दिसलं की शंका येते. टम्बलिंग बाजूने घ्या, जंप आणि मोशन समोरून. सुरुवातीला नाव, उंची, स्टंटमधली जागा आणि कॉलेजचं वर्ष सांगा. एकूण दोन-तीन मिनिटं पुरे.

मुलाखतीत गोड बोलण्यापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. लॅब कधी, नोकरी आहे का, शनिवार मोकळे आहेत का. फुटबॉलचे शनिवार तर जातातच, पण बास्केटबॉल थँक्सगिव्हिंगला आणि डिसेंबरच्या सुट्टीतही चालू असतो, तेव्हा टीमला कॅम्पसवर थांबावं लागतं. उन्हाळ्यात कॅम्पही असतो. घरी जायचं तिकीट काढायच्या आधी हे विचारून घ्या, आणि अडचण असेल तर तिथेच सांगा. नंतर कळलेल्या अडचणीने टीममधली जागा जाते.

निकाल बहुधा त्याच रात्री नंबरांनिशी ऑनलाइन लागतो. नंबर नसेल तर दोन दिवसांनी कोचला छोटा ईमेल करा: गुणपत्रिका बघता येईल का, आणि ऑगस्टमध्ये जागा उरल्या तर पुन्हा ट्रायआउट आहे का. उन्हाळ्यात दुखापत किंवा कॉलेज बदलल्यामुळे जागा निघतात, आणि तेव्हा कोच आधी मेच्या यादीतले जवळचे नंबर बघतात. म्हणून मे ते ऑगस्ट कडक मॅटवरचा सराव आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवा.