शेक्सपिअरचं अठरावं सुनीत वाचताना या चुका टाळा

‘तुला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊ का?’ या सुनीताची, म्हणजे चौदा ओळींच्या सॉनेटची, ही पहिली ओळ. आपल्याकडचे वाचक इथेच अडखळतात. वैशाखातली काहिली डोळ्यांसमोर असेल तर ही स्तुती वाटणारच नाही. इंग्लंडचा उन्हाळा सुखाचा, पण मोजक्या दिवसांचा. कवितेतला मे महिनाही त्यातच येतो. त्या वेळी तिथलं कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होतं, म्हणजे त्यांचा मे आजच्या 10 जूनपर्यंत चालायचा.

‘लीज’ या शब्दावरून घाईने पुढे जाऊ नका. उन्हाळ्याला मिळालाय तो भाडेपट्टा, तोही थोड्या मुदतीचा. पुढे ‘पझेशन’ म्हणजे ताबा येतो आणि ‘ओस्ट’ (ow'st) येतं. त्याचा अर्थ ‘देणं लागतोस’ असा लावतात, ते चूक. त्या काळी ‘ओ’ (owe) म्हणजे मालकी असणं. उन्हाळा भाडेकरू, तर तुझं सौंदर्य तुझ्या मालकीचं! पट्टा, मुदत, ताबा, मालकी हे चार शब्द एका धाग्यात धरले की मधल्या ओळी आपोआप उलगडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे सुनीत एकटं वाचणं. 1609 साली छापलेल्या 154 सुनीतांच्या मालिकेतलं हे आहे. पहिल्या सतरांत कवी एका देखण्या तरुणाच्या मागे लागलाय: लग्न कर, मूल होऊ दे, म्हणजे तुझं रूप मागे उरेल. सतराव्याच्या शेवटी तो म्हणतो, तू दोनदा जगशील, मुलात आणि माझ्या कवितेत. अठराव्यात मुलाचा विषयच नाही! उरते फक्त कविता. एकोणिसाव्यात तर तो थेट काळालाच आव्हान देतो. अठराव्याच्या शेवटच्या दोन ओळी म्हणतात, माणसं श्वास घेताहेत तोवर ही कविता जगेल आणि तुला जगवेल. ही पोकळ बढाई वाटत असेल, तर 17, 18, 19 सलग, मोठ्याने वाचा. त्यामागची जोखीम ऐकू येईल.

‘हे प्रेयसीसाठी आहे’ असंही सर्रास सांगतात. या चौदा ओळींत ती व्यक्ती स्त्री की पुरुष, हे कुठेच नाही. तरुण कळतो तो मालिकेतल्या जागेवरून. 1640 च्या आवृत्तीत प्रकाशक जॉन बेन्सनने क्रम मोडला, काही ठिकाणी पुरुषाची स्त्री केली आणि हे सुनीत तर गाळूनच टाकलं. मराठीत आणताना आपणही नकळत ‘देखणी’ लिहून बसतो. ‘लोभस’ लिहा, ‘जगशील’ लिहा. या शब्दांत मराठी लिंग सांगत नाही, आणि मूळ कवितेचं मौन जसंच्या तसं राहतं.