रोहिणीतच चर खणा : गवती चहाच्या ठोंबांसाठी पावसाळ्यापूर्वीचा सल्ला

कोकण किनारपट्टीवर मोसमी पाऊस साधारणपणे ७ जूनच्या आगेमागे दाखल होतो आणि मृग नक्षत्रही त्याच सुमारास लागते, म्हणून पावसाळ्याआधीची सगळी कामे मृगाच्या हिशेबाने आखण्याची आपल्याला सवय आहे. गवती चहाच्या बाबतीत हा हिशेब उशिराचा ठरतो. ठोंबांभोवतीचे चर २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या रोहिणीतच खणून झाले पाहिजेत. ज्यांचे राहिले असतील त्यांनी भाताच्या दाढीचे (रोपांच्या वाफ्याचे) काम एक दिवस मागे ठेवून हे काम आधी उरकावे.

गवती चहाचा ठोंब कोकणात जवळजवळ प्रत्येक घरामागे असतो आणि म्हणूनच त्याला कोणी पीक मानत नाही. उन्हाळ्यात वेगळे पाणी घालावे लागू नये म्हणून तो मोरीच्या सांडपाण्यावर लावलेला असतो. एप्रिल-मेमध्ये ही सोय उत्तम ठरते, परंतु आषाढात त्याच जागी मोरीचे पाणी, छपराच्या पागोळ्या आणि मागच्या दरडीवरून उतरणारे पाणी अशा तिन्ही वाटा एकत्र येतात. ऐन सर्दी-खोकल्याच्या दिवसांत पाती आणायला जावे तर मधला ठोंब हाताबरोबर सुटून येतो. एक-दोन गुंठ्यांत लागवड करून जुड्या बाजारात नेणाऱ्यांची गतही वेगळी नाही. माझ्या पाहण्यात गवती चहा किडीने किंवा जनावरांनी गेल्याची उदाहरणे अगदी थोडी आहेत. बाकीचा सगळा साचलेल्या पाण्याने गेला आहे.

जांभ्याची माती पाणी धरत नाही, असे सांगून पुष्कळ जण चर टाळतात. वरच्या मातीपुरते ते खरे आहे. तथापि आपल्या वरकस जमिनीत हात-दीड हातावर कातळ लागतो, आणि संततधारेत वरून मुरलेले पाणी त्या कातळावर बशीतल्यासारखे थांबून राहते. गवती चहाची मुळे उथळ व तंतुमय असल्याने ती नेमकी याच थरात असतात. तीन-चार दिवस मुळांना हवा मिळाली नाही की ती काळी पडतात, त्यानंतर बुरशी शिरते आणि कूज ठोंबाच्या मधल्या भागापासून बाहेर पसरते. बाहेरचे फुटवे आणखी काही दिवस हिरवे दिसत असल्यामुळे नुकसान उशिरा लक्षात येते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा माझे चर खणायचे होते. अजून तीन आठवडे हातात आहेत, अशा समजुतीने मी आधी शाकारणीच्या आणि लाकूडफाट्याच्या मागे लागलो होतो. मेच्या मध्यावरच वाफे भरले, पुढे जूनने ते सुकू दिले नाहीत, आणि जुलैपर्यंत निम्म्याहून अधिक ठोंब गेले. तेव्हापासून मी चराचे काम आंबे उतरण्याची वाट न पाहता करतो.

चर ठोंबांच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला, एक फूट रुंद आणि किमान एक फूट खोल असावा, आणि त्याचे तोंड पऱ्यात (ओहोळात) किंवा गडग्याच्या (दगडी बांधाच्या) फटीतून बाहेर उघडलेले असावे. तोंड बंद असलेला चर म्हणजे लांबट खड्डाच, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तोच दिसतो. खणून झाल्यावर वरच्या टोकाला दोन घागरी पाणी ओतून ते तोंडापर्यंत पोहोचते की वाटेत थांबते, हे डोळ्यांनी पाहावे. नवीन जागा निवडताना फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी उरले असेल तर तेथे सपाट लागवड करू नये, एक वीत उंचीचे वरंबे करून त्यांवर करावी. माझा एक ठोकताळा असा आहे की पहिल्या पावसानंतर जिथे टाकळा माजतो तिथे निचरा बरा असतो आणि जिथे कुर्ल्यांची बिळे दिसतात तिथे गवती चहा लावण्याच्या भानगडीत पडू नये. याला कोणत्याही शिफारशीचा आधार नाही, मात्र या ठोकताळ्याने मला अजून फसवलेले नाही.

मोरीमागचा ठोंब चार-पाच वर्षांचा झालेला असेल तर तो उचलून उन्हाच्या जागी हलवण्याची हीच वेळ आहे. ठोंब फोडून बाहेरच्या अंगाचे जोमदार फुटवे घ्यावेत व मधला लाकडासारखा झालेला भाग टाकून द्यावा. फुटव्याची पाती वीतभर ठेवून छाटावीत, तपकिरी पडलेली आवरणे सोलावीत आणि जुनी मुळे कापावीत. एका जागी दोन-तीन फुटवे पाच ते आठ सेंटिमीटर खोल लावावेत, त्याहून खोल नकोत, कारण पावसाळ्यात खोल लावलेला फुटवा हमखास कुजतो. वाऱ्याने पडेल या भीतीने तो खोल रोवणारे दरवर्षी भेटतात.

नेहमीची कामे :
लागवडीचे अंतर ६० × ६० सेंमी.
शेणखत गुंठ्याला १०० किलो, पूर्ण कुजलेले.
खुरपणी पहिल्या दोन महिन्यांत दोनदा.
पहिली कापणी लागवडीनंतर सुमारे ९० दिवसांनी, जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर.
पुढील कापण्या दोन-दोन महिन्यांनी.

जुलैमध्ये पाती पिवळी पडू लागली की शेतकरी दुकानात जातो आणि दुकानदार एक बाटली हातात देतो. तिच्यावर मुळांची वाढ, जोम, हिरवेपणा असे सगळे लिहिलेले असते आणि किंमत जुड्यांच्या वर्षभराच्या उत्पन्नाला भारी पडेल अशी असते. कोणी युरिया टाकतो. पाण्यात गुदमरलेले मूळ अन्न उचलतच नाही, त्यामुळे युरिया पऱ्याला मिळतो आणि बाटलीही. म्हणून पिवळेपणा दिसताच प्रथम कडेचा एक फुटवा उपटून मुळे पाहावीत. पांढरी, ताठ मुळे असतील तर काळजीचे कारण नाही. मूळ चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरत असेल आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर कुदळ घेऊन चराच्या तोंडाशी जावे.

कुजलेला ठोंब मातीसकट काढून बागेबाहेर टाकावा आणि त्या खड्ड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. दहा लिटर पाण्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावा. मिश्रणात कोयत्याचे पाते बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. पोफळीच्या कोळेरोगासाठी हे मिश्रण करणाऱ्यांना यात नवीन काही नाही. शेजारच्या निरोगी ठोंबांच्या बुंध्याशी ट्रायकोडर्मा लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात ओतावे, मात्र बोर्डोबरोबर नव्हे, कारण मोरचूद ही उपयोगी बुरशीही मारते. जे पान आपण उकळून पिणार आहोत त्याच्यावर कोणतीही फवारणी करू नये.

या पातीतील सुगंधी तेलात सिट्रल हा मुख्य घटक असतो आणि लिंबासारखा वास त्याचाच. तो वाफेबरोबर उडून जातो, म्हणून पाती फार वेळ खळखळा उकळण्याऐवजी आधण उतरवून त्यात घालावीत आणि भांडे पाच-सात मिनिटे झाकून ठेवावे. सर्दी, घसा धरणे, पोटातील वारा आणि भिजून आल्यावरची कणकण यांवर आले, तुळस व गुळाबरोबर हा काढा देण्याची आपली जुनी रीत आहे, आणि घाम येऊन अंग हलके होते हा अनेकांचा अनुभव आहे. गरोदर स्त्रियांनी तो औषध म्हणून भरपूर पिणे टाळावे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. चिखलात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांत लाली अशी लक्षणे दिसली तर ती लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-जनावरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतात. अशा वेळी काढ्यावर दोन दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. चर खणताना व उपसताना गमबूट घालावेत. पायाला भेगा किंवा जखम असेल तर हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

पावसाची मोठी सर येऊन गेली की पालापाचोळा आणि माडाची पडलेली झावळी चराच्या तोंडाशी अडकते. ती काढण्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी एक फेरी मारावी, आणि नारळी पौर्णिमेनंतर पाऊस ओसरल्यासारखा वाटला तरी हस्त नक्षत्र सरेपर्यंत ते तोंड बुजवू नये.