भांडी वाजली की आत्या अंगणात पळती, मग काय करायचं

आमची आत्या औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक थकून झोपलेले अन दगडमातीच्या भिंतींवरची जड माळवदं अंगावर आली. आत्या वाचली, पण अजून उसाचा ट्रॅक्टर गेला अन मांडणीवरचे डबे किणकिणले की ती पिठाच्या हातानं बाहेर. आम्ही आपलं एकच धरून, ‘विसर की आता’. लई चुकीचं होतं ते.

भीतीची आठवण नुसतं ‘विसर’ म्हणून पुसून जात नाही. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो, ‘हा आवाज म्हणजे धोका’ ही जोडी तिथं बसती. २००० साली नादेर, शाफे अन लेडू या शास्त्रज्ञांनी उंदरांना आवाज अन शॉक एकत्र दिला, नंतर नुसता आवाज ऐकवून लगेच अमिग्डालात प्रोटीन बनणं थांबवणारं औषध सोडलं, तर भीती गेली, अन आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर काहीच फरक नाही. म्हणजे आठवण निघाली की थोडा वेळ कच्ची बनती, परत पक्की व्हावी लागती, अन त्याला नवं प्रोटीन लागतं. ते औषध माणसाला देता येत नाही, बीपीची प्रोप्रॅनोलॉल गोळी माणसांवर वापरून बघितली पण निकाल सारखे येत नाहीत, दमेकऱ्याला तर ती धोक्याची, त्यामुळं स्वतःहून घेऊ नका.

आपल्या हातात आहे ते म्हणजे जुन्या आठवणीशेजारी नवी बसवणं. समुपदेशक मॅडमनी शिकवलं ते असं, आधी तिची परवानगी घ्या, अन नेमकं काय होईल असं वाटतं ते तिच्याच तोंडून काढा. आत्या म्हणाली, ‘डबे वाजले की माळवद येतंय’. मग भरदुपारी, दार उघडं ठेवून, चमचा तिच्याच हातात द्या, डब्यावर वाजवू द्या, अन बसून बघू द्या की वर काय होतंय. मधीच पळू नये, कारण पळालं की मेंदू म्हणतो पळाले म्हणून वाचले. जमलं की जोरात, मग रात्री, मग दार लावून. ओढून नेऊ नका, पाहुण्यांसमोर सगळी कहाणी सांगायला तर अजिबात लावू नका.

रोज रात्री दचकून उठणं, दारू, जगायचं नाही अशी भाषा, असं काही असेल तर हे घरी करत बसू नका, डॉक्टर गाठा नाहीतर टेलीमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ लावा, फुकट आहे अन रात्रीपण लागतो.

अन नवी आठवण जागेला चिकटून असती बरं का. आत्या घरी आता उंबऱ्यापर्यंत येती, वर बघती, परत पोळ्या लाटायला बसती. लातूरला लेकीच्या फ्लॅटात मात्र पहिल्याच रात्री वरच्यांनी खाट सरकवली तर जिन्यात. तिथं परत चमच्यापासून सुरू केलंय.