भरीत पार्टीवर अवकाळी आला तर डोकं ठिकाणावर कसं ठेवावं

शेतात तीस माणसांची भरीत पार्टी, जेवण रात्री आठला, आणि साडेचारलाच अवकाळी वांगी भाजायच्या कपाशीच्या काड्या भिजवून जातो. अशा वेळी 'टेन्शन घेऊ नका, होईल सगळं नीट' म्हणणाऱ्याला आधी लसूण सोलायला बसवावं. वाट किती वाजेपर्यंत पाहायची हे ठरलेलं असलं, की तापट माणूसही शांत राहतो. ठरलेलं नसलं, की शांत माणूसही भांडतो.

सामान आणलेलं आहे आणि भाकरीसाठी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आदल्या दिवशीच दळून ठेवलं आहे, हे धरून चालू.

थेंब पडताच पीठ आणि वांगी झाका. फोन कुणालाच नको. चार जण एकदम 'आते काय करानं?' विचारतील, त्यांना पाच मिनिटं थांबवा. चार मोजत श्वास आत, सात मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा करा. श्वास लांबवून सोडला की छातीतली धडधड उतरते. मग कागद-पेन घ्या. मोबाईलवर हिशेब मांडायला जाल तर मध्येच कुणाचा तरी फोन येतोच.

आता खरी गोम. बहुतेकांचं इथंच बिनसतं.

काड्यांच्या आगीवर सगळी वांगी एकदम टाकली तर अर्ध्या तासात भाजून होतात. सोलणं, बडजीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचणं, फोडणी यांना पाऊण तास. म्हणजे पावणेसातला आग पेटली तरी आठला जेवण. म्हणून लोक पावणेसातपर्यंत ओल्या काड्या फुंकत बसतात आणि मग गॅसकडे धावतात. तोवर गॅसची वेळ कधीच टळलेली असते. हिशेब बघा: तीस माणसांना दहा किलो वांगी, चारशे ग्रॅमचं एक धरलं तर पंचवीस नग. दोन बर्नरच्या शेगडीवर एका वेळी दोन, प्रत्येकाला दहा मिनिटं. तेरा खेपा, सव्वादोन तास. सव्वासातला वांगी भाजून हवी असतील तर शेगडी पाचला पेटायला हवी.

वाट पाहण्याची रेघ मूळ बेताच्या वेळेवरून मारू नका, पर्यायाला लागणाऱ्या वेळेवरून मारा. इथं ती पाचची. पाचपर्यंत ढिगाच्या पोटातल्या कोरड्या काड्या उपसा, मोडून बघा. कट्ट आवाज आला तर चालतील, नुसत्या वाकल्या तर सोडा. धुरकट आगीवर वांगं वरून करपतं आणि देठाजवळ कच्चं राहतं. तसलं भरीत बडजीत कितीही कुटलं तरी दाताखाली तार येते, आणि धुराचा वास कोथिंबिरीनं जात नाही.

पाच हुकले तर दुसरी रेघ सव्वासहाची: बारा वांगी, एक तास, म्हणजे अर्धं भरीत आणि जोडीला शेवभाजी. हेही कागदावर लिहून ठेवा. निर्णय एकाच माणसाचा. आडतीवर बोली लागते तशी चर्चा सुरू झाली, तर समजा सव्वासहाही गेले. आणि 'काड्यांवर ताडपत्री का नाही टाकली' हा विषय जेवणं उरकेपर्यंत बंद. तो निघाला की दोन कामाची माणसं रुसून बसतात.

माणसं तिसाची चाळीस झाली तर भरीत ताणायला जाऊ नका, जास्तीचा कांदा घातला की लगेच कळतं. शेवभाजीचा रस्सा ताणता येतो. उकळतं पाणी घाला, गार पाण्यानं तर्री मोडते. दहा माणसांना अर्धा किलो जाड शेव पुरते. ती वाढायच्या वेळीच टाका, आधी टाकली तर लगदा होतो.

लाईट गेली तर बॅटरी आणि कंदील. त्यावर एवढं डोकं घालू नका.

पाहुण्यांना निरोप एकदाच, सगळं ठरल्यावर, आणि त्यात बदललेली गोष्टच सांगा: 'जेवण आठलाच. शेतात नाही, घरी.' पावसाचं वर्णन लिहिलंत तर 'मग येऊ का नको?' असे वीस फोन येतील, आणि ते घ्यायला फोडणीवरचा माणूस उठेल.

उरलेली कच्ची वांगी देठासकट पुसून कापडावर पसरा, दोन दिवस टिकतात. ओल्या पिशवीत मात्र बांधून ठेवू नका.