मेजरिंग आर्म आणि लेझर स्कॅनर ट्यूब तपासणीच्या सॉफ्टवेअरला कसे जोडावेत

वाकवलेली ट्यूब ड्रॉइंगप्रमाणे आली आहे का, हे पाहायला मेजरिंग आर्म (टोकाला टेकवलेल्या बिंदूची जागा मोजणारा सांधेदार हात) आणि ट्यूब तपासणीचं सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलायला हवेत. ते बोलत नसले की बहुतेक जण थेट ट्यूबचं सॉफ्टवेअर उघडून ‘कनेक्ट’ दाबत राहतात आणि मग केबलपासून लायसन्सपर्यंत सगळ्यावर एकदम संशय घेतात. त्यापेक्षा साखळी लक्षात ठेवा: उपकरण, केबल, विंडोजचा ड्रायव्हर, उत्पादकाचा स्वतःचा प्रोग्रॅम आणि सगळ्यात शेवटी ट्यूबचं सॉफ्टवेअर. एक कडी चालल्याची खात्री होईपर्यंत पुढच्या कडीला हात लावू नका.

आधी बैठक

आर्मचा पाया आणि ट्यूब धरणारा फिक्स्चर एकाच जड टेबलावर किंवा एकाच प्लेटवर असावेत. आर्म तिपाईवर आणि ट्यूब शेजारच्या टेबलावर, अशी मांडणी केली तर तिपाईला लागलेला एक धक्का सगळ्या बिंदूंमध्ये उतरतो, आणि सॉफ्टवेअरला ते कळायचा काही मार्ग नसतो. मॅग्नेटिक बेस असेल तर खालचा पृष्ठभाग पुसून घ्या. धातूचा बारीक चुरा राहिला की बेस डुगडुगतो. व्हॅक्यूम बेसला गुळगुळीत, छिद्रं नसलेली प्लेट लागते. आर्मची थ्रेडेड रिंग हाताने घट्ट करून सोडू नका, पाना लावा.

बैठक तपासायची सोपी पद्धत आहे. प्रोबचा, म्हणजे आर्मच्या टोकावरच्या टेकवायच्या सुईचा, गोळा शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने बेसला हलकं ढकला. स्क्रीनवरचा आकडा सरकून परत आला नाही, तर बेस सैल आहे.

केबल, पोर्ट आणि विंडोज

ड्रायव्हर आधी टाका, केबल नंतर लावा. उलट केलं तर विंडोज कधी कधी स्वतःचाच कुठला तरी सर्वसाधारण ड्रायव्हर चिकटवतं, आणि मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो काढावा लागतो. तिथे उपकरणाच्या नावापुढे पिवळं चिन्ह दिसत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब चालत नाही. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून लांबवलेली केबल सुरुवातीला चालते आणि मोजणीच्या ऐन मध्यावर तुटते. स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हबही टाळा. आर्म थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा. शिवाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. दहा मिनिटं आर्म तसाच ठेवला आणि परत आल्यावर कनेक्शन गेलेलं दिसलं, तर पहिला संशय इथेच घ्यावा. लॅपटॉप बॅटरीवर असताना हे हमखास होतं.

इथरनेटने जोडणार असाल तर दोन्ही टोकांचे आयपी पत्ते एकाच सबनेटमध्ये हवेत. उदाहरणार्थ, आर्मचा पत्ता १९२.१६८.१.१० असेल तर कॉम्प्युटरला १९२.१६८.१.२० द्या आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवा. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही, त्याने स्वतःच घेतला आहे. तो हाताने भरा. मग पिंग करा, म्हणजे कॉम्प्युटरवरून आर्मच्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहा. पिंगला उत्तर येतं पण सॉफ्टवेअरला आर्म सापडत नाही, अशा वेळी बहुधा विंडोजचा फायरवॉल आडवा येत असतो. तो सरसकट बंद न करता त्या प्रोग्रॅमपुरती परवानगी द्या. ऑफिसचं नेटवर्क आणि आर्म यांना वेगवेगळे नेटवर्क पोर्ट असले तर निम्म्या कटकटी आपोआप टळतात.

जुन्या आर्मला सिरियल पोर्ट असतो आणि त्यासाठी यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर वापरावा लागतो. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावला की कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो, म्हणून कुठला पोर्ट वापरला त्यावर खूण करून ठेवा. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट या सेटिंग दोन्हीकडे अगदी सारख्या हव्यात. स्क्रीनवर अगम्य अक्षरं येत असतील तर बॉड रेट चुकला आहे. काहीच येत नसेल तर केबल सरळ आहे की क्रॉस, ते पाहा.

उत्पादकाच्या प्रोग्रॅममध्ये आधी आकडे दिसू द्या

हेक्सागॉनच्या अॅब्सोल्यूट आर्मसाठी आरडीएस असतं, फॅरोसाठी फॅरो आर्म मॅनेजर. इतर उत्पादकांचंही असंच काहीतरी असतं. तो प्रोग्रॅम उघडा, आर्म हलवा आणि एक्स, वाय, झेडचे आकडे हलतात का ते पाहा. ज्या आर्मचे एन्कोडर (सांध्यांचे कोन मोजणारे सेन्सर) अॅब्सोल्यूट, म्हणजे चालू होताच कोन सांगणारे, नसतात, त्यांचा प्रत्येक सांधा चालू केल्यावर फिरवून संदर्भ द्यावा लागतो. एक सांधा राहिला तरी आर्म तयार होत नाही, आणि सॉफ्टवेअर मात्र नुसतं ‘नॉट रेडी’ म्हणून मोकळं होतं.

इथेच प्रोब निवडा आणि कॅलिब्रेट करा. आर्मला गरम व्हायला उत्पादकाने सांगितलेला वेळ द्या. थंड आर्मवर केलेलं कॅलिब्रेशन तासाभराने खरं राहत नाही.

आता ट्यूबचं सॉफ्टवेअर उघडा, उपकरणाचा प्रकार निवडा आणि जोडा. त्याआधी दुसरं कुठलंही मोजणीचं सॉफ्टवेअर बंद केलेलं असू द्या, कारण आर्म साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात असतो. खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम मागे चालू राहू शकतो, टास्क मॅनेजरमध्ये खात्री करा. एवढं करूनही जोडणी होत नसेल तर ड्रायव्हरची आवृत्ती ट्यूबच्या सॉफ्टवेअरला चालणारी आहे का, ते बघा. नवी आवृत्ती टाकली म्हणजे जास्त चांगली, असं इथे नसतं.

एककं दोन्हीकडे मिलिमीटरच आहेत ना, हेही आत्ताच पाहा. ट्यूब सगळ्याच दिशांनी २५.४ पट मोठी किंवा लहान दिसली तर दुसरं काही शोधू नका.

जोडलं म्हणजे बरोबर मोजलं, असं नाही

आर्म हिरवा दिवा दाखवत असतानाही मोजमाप चुकीचं येऊ शकतं. म्हणून खरी ट्यूब घेण्याआधी व्यास नेमका माहीत असलेला सरळ, घासून गुळगुळीत केलेला दंड (रॉड) मोजा. सिलिंडर बसवायला, म्हणजे बिंदूंवरून त्याचा व्यास आणि अक्ष काढायला, गणिताच्या हिशेबाने किमान ५ बिंदू लागतात. प्रत्यक्षात दोन-तीन ठिकाणी गोलाकार फिरून ८ ते १२ घ्या.

समजा दंड २५ मिमीचा आहे आणि उत्तर २८ आलं. प्रोबवर ६ मिमीचा गोळा आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये ३ मिमीचा निवडला आहे: फरक नेमका गोळ्यांच्या व्यासातल्या फरकाइतका. उत्तर ३१ आलं तर गोळ्याची भरपाई मुळीच झालेली नाही. गंमत अशी की चूक फक्त गोळ्याच्या व्यासाची असेल आणि बिंदू सगळ्या बाजूंनी घेतले असतील, तर अक्ष तरीही बरोबर येतो. त्यामुळे बेंडचे कोन ठीक दिसतात आणि लांबी मात्र टोकांना चुकते. टोकांच्याच तक्रारी येत असतील तर प्रोबची नोंद आधी बघा.

लेझर स्कॅनर

स्कॅनर आर्मवर बसवला की त्याचं वेगळं कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि त्याआधी टेकवण्याच्या प्रोबचं झालेलं असावं. उत्पादकाने दिलेली प्लेट किंवा गोळा वापरून वेगवेगळ्या कोनांतून स्कॅन करा. स्कॅनर काढून परत लावला तर हे पुन्हा करणं चांगलं. वायरलेसवर टेकवण्याचे बिंदू छान येतात, पण स्कॅनरचा डेटा भारी असतो. तिथे केबलच लावा.

चकचकीत स्टेनलेस स्टीलवर लेझरची रेषा परावर्तित होऊन ट्यूबच्या बाहेर हवेत बिंदू तयार करते. एक्स्पोजर कमी करा आणि स्कॅनर जरा तिरका धरा. तरीही जमलं नाही तर मॅट स्प्रेचा पातळ, सगळीकडे सारखा थर द्या. थराची जाडी व्यासात मिळते, पण थर सारखा असला तर अक्ष हलत नाही.

ट्यूबच्या फक्त एका बाजूने स्कॅन करू नका. परिघाचा पाव भाग मिळाला, तर सिलिंडरचा व्यास आणि अक्षाची जागा दोन्ही डळमळतात. निदान अर्धा परिघ घ्या. ते शक्यच नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये व्यास ड्रॉइंगच्या आकड्यावर पक्का करून ठेवा. फक्त सरळ भाग स्कॅन करा. बेंडजवळ ट्यूब चपटी झालेली असते, आणि तिथले बिंदू आत आले की अक्ष वाकडा होतो.

आखूड सरळ भाग हीच या कामातली खरी अडचण आहे. बिंदू २० मिमी लांबीत पसरले आहेत आणि एका टोकाला ०.०३ मिमी चूक झाली, एवढंच धरा. कोनात ०.०८६ अंशाचा फरक पडतो, आणि पुढचा भाग ६०० मिमीचा असेल तर त्याच्या टोकाला ०.९ मिमी. अशा वेळी दोष जोडणीत किंवा बेंडिंग मशीनमध्ये शोधण्याआधी तोच भाग पाच वेळा मोजा. दर वेळी वेगळा कोन आला तर चूक मोजण्यात आहे.

तापमानाचाही हिशेब ठेवा. मोजमापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. २ मीटर लांबीची अॅल्युमिनियमची ट्यूब ३० अंशांवर मोजली तर ती सुमारे ०.४६ मिमी लांब भरते. साध्या कार्बन स्टीलची साधारण निम्मी, ०.२३ मिमी. सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची भरपाई असेल तर त्यात खोलीचं नाही, ट्यूबचं तापमान भरा. मशीनवरून नुकतीच उतरवलेली किंवा वेल्डिंग केलेली ट्यूब हाताला कोमट लागत असेल, तर ती निवेपर्यंत मोजू नका.