लेझरने मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यावर लक्ष कसं ठेवावं

फेम्टोसेकंद लेझर भिंगाच्या पिशवीला गोल छेद देतो आणि मोतीबिंदूचे तुकडे पाडतो. ते शोषून काढणं, नवं भिंग बसवणं सर्जनच्याच हातचं. म्हणून जंतुसंसर्ग किंवा दृष्टिपटल सुटणं हे दुर्मीळ धोके लेझरनंतरही उरतातच. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा लालभडक डाग मात्र बहुधा निरुपद्रवी असतो: लेझरचं कडं डोळ्याला ओढून धरतं, त्यात बारीक रक्तवाहिनी फुटते. एक-दोन आठवड्यांत डाग विरतो.

रोज सकाळी एकाच जागी, एकाच उजेडात उभं राहा. दुसरा डोळा न दाबता झाका आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. काल वाचता आलेला आकडा आज पुसट दिसला, तर त्याच दिवशी फोन करा, दुखत नसलं तरीही. जंतुसंसर्गावरच्या १९९५च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात साधारण चारातल्या एका रुग्णाला दुखलंच नव्हतं. दुखण्याची वाट पाहण्यात नजर जाते. मग आरशात बघा: बुबुळाच्या तळाशी पांढरट आडवा थर साचलेला दिसला, तर तो पू असू शकतो. रात्र असली तरी निघा.

किती दिवस झाले, यावरून डॉक्टरांना कारणाचा अंदाज येतो. पहिल्या एक-दोन दिवसांत पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) सगळीकडून धुरकटलं, तर जंतूंशिवायची दाहक प्रतिक्रिया असू शकते. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात डोकं वर काढतो, कधी उशिराही. चार ते सहा आठवड्यांनी, न दुखता वाचन जड गेलं किंवा दाराची चौकट वाकडी दिसली, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज असू शकते. मधुमेह्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. विजेसारखे झोत, अचानक काळे ठिपके, बाजूने सरकणारा पडदा केव्हाही दिसला तर थांबूच नका. ही दृष्टिपटल सुटण्याची लक्षणं असू शकतात; मोठा मायनस नंबर असलेल्यांना हा धोका अधिक.

फोनवर शस्त्रक्रियेची तारीख, कोणता डोळा, नजर केव्हापासून उतरली आणि कोणते थेंब चालू आहेत, एवढं सांगा. जाताना थेंबांच्या बाटल्या आणि भिंगाचं कार्ड बरोबर घ्या.

स्टेरॉइडचे थेंब मनाने वाढवू नका: लाली उतरते, पण आत संसर्ग चालूच राहू शकतो, शिवाय काहींच्या डोळ्याचा दाब चढतो. दोन औषधांत ५ मिनिटं जाऊ द्या, आणि बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका.